जुना ट्रक पुन्हा उभा करताना झिजलेलं इंजिन चालतं कसं ठेवावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना ट्रक घेतला की काम काही महिन्यांत उरकेल असं वाटतं आणि वर्षं निघून जातात. केबिन उतरते, चासी उघडी पडते, वायरिंगचा गुंता एका खोक्यात जातो. या सगळ्यात इंजिन मात्र तेच जुनं असतं, धूर मारणारं आणि ऑइल खाणारं. त्याचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. खालची उत्तरं कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल इंजिनांसाठी आणि साध्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनांसाठी आहेत. तुमच्या इंजिनाचं मूळ मॅन्युअल हाताशी असेल, तर मापं त्यातलीच धरा.

इंजिन झिजलंय हे दिसतंच आहे. मग आधी तेच बांधून (उघडून, झिजलेले भाग बदलून) का घेऊ नये?

माझं मत ठाम आहे: इंजिन शेवटी बांधा.

इंजिन उतरलं की ट्रक जागचा हलत नाही. आत-बाहेर करायचा तर माणसं गोळा करून ढकला. दुसरं म्हणजे गिअरबॉक्सचा आवाज, क्लचची पकड, ब्रेकचा व्हॅक्यूम किंवा हवेचा दाब, डायनामोचं चार्जिंग, रेडिएटरची गळती हे सगळं इंजिन चालू असतानाच कळतं. चालणारं इंजिन, मग ते कितीही थकलेलं असो, तुमचं सगळ्यात मोठं तपासणीचं साधन आहे.

तिसरं कारण मात्र बरेच जण विसरतात. नव्याने बांधलेल्या इंजिनाला लोड लागतो. पिस्टनवरच्या नव्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, नीट बसायच्या तर त्यांच्यामागे गॅसचा दाब हवा, आणि तो गाडी रस्त्यावर ओढायला लागली की मिळतो. नवं इंजिन बांधून ते शेडमध्ये नुसतं आयडलवर चालवत राहिलात, तर होनिंगच्या (बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या) बारीक रेषांवर जळक्या ऑइलचा गुळगुळीत थर बसतो. त्याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ग्लेझिंग झालं की रिंगा बसत नाहीत आणि नवं कोरं इंजिनही ऑइल खाऊ लागतं. ते बंद ठेवलंत तर बोअरवरचं ऑइल उतरून जातं आणि रिंगांच्या जागी गंज धरतो. म्हणजे आधी बांधलेलं इंजिन चालवलं तरी नुकसान, नाही चालवलं तरी नुकसान. जुन्या, झिजलेल्या इंजिनाचं आयडलवर चालून फारसं बिघडत नाही. बांधणीचे कष्ट आत्ता नाही, शेवटी खर्च व्हायचेत.

पण झिजलेलं आणि मोडायला आलेलं, यातला फरक कसा ओळखायचा?

सगळी मदार याच प्रश्नावर आहे, म्हणून उत्तर थोडं लांब देतो.

झिजलेलं इंजिन हळूहळू बिघडतं. सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो, ऑइल कमी होत राहतं, चढावर दम नसतो. हे सगळं सांभाळून घेता येतं. मोडायला आलेल्या इंजिनाची लक्षणं वेगळी. गरम झाल्यावर ऑइलचा दाब आयडलला जवळजवळ शून्यावर येणं, खालून धातूचा घट्ट ठोका, ऑइलमध्ये पाणी, रेडिएटरमध्ये बुडबुडे. यातलं एकही दिसलं तर इंजिन बंद करा आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा लावू नका. चालवत राहिलात तर क्रँक जातो, ब्लॉकही जाऊ शकतो, आणि जुन्या ट्रकचा ब्लॉक पुन्हा मिळवणं हे वेगळंच दुखणं आहे.

दाबासाठी मिस्त्री लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: इंजिन गरम असताना दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय. हा नियम नव्हे, अंदाज आहे, पण झिजलेल्या इंजिनाला तो पुरतो. डॅशबोर्डवरच्या जुन्या गेजवर किंवा दिव्यावर विसंबू नका. ब्लॉकवर सेंडरच्या (डॅशबोर्डला दाब कळवणाऱ्या भागाच्या) जागी यांत्रिक गेज लावून दाब एकदा खात्रीने मोजा.

ठोक्याचंही कानाला कळतं. थंड असताना टकटक आणि गरम झाल्यावर कमी, तर बहुधा पिस्टन बोअरमध्ये हलतोय. त्याच्यावर बराच काळ काढता येतो. गरम झाल्यावर ठोका वाढला आणि रेस सोडताना अधिक स्पष्ट झाला, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे संशयाने बघा. पेट्रोल इंजिनात एकेका सिलिंडरचा प्लग बंद करून बघितला, तर ज्या सिलिंडरला आवाज बदलतो त्याचा रॉड दोषी. डिझेलला हेच काम नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून होतं, पण तिथे हात आणि तोंड लांब ठेवा. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीत घुसते, आणि घुसली तर ताबडतोब डॉक्टरकडे जावं लागतं, जखम टाचणीएवढी दिसली तरी.

कॉम्प्रेशन किती असलं म्हणजे चालेल?

जुन्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला 7 ते 9 किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आसपास आणि डिझेलमध्ये 25 ते 30 किलोच्या आसपास आकडा साधारणपणे चांगल्या तब्येतीचा समजतात. पण आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. सगळे सारखेच थोडे खाली असतील तर इंजिन एकसारखं म्हातारं झालंय, आणि ते चालेल. एकच सिलिंडर निम्म्यावर असेल तर तिथे काहीतरी तुटलंय, जळलंय किंवा अडकलंय.

पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. डिझेलमध्ये ही युक्ती करू नका. तिथली जागा इतकी अरुंद असते की ऑइलनेच आकडा खोटा फुगतो, आणि गरम इंजिनात ते ऑइल पेटूही शकतं.

मोजण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट) सेट केलेत ना? टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि चांगलं सिलिंडरही कमी दाखवतं. या अर्ध्या तासाच्या कामाने मेलं समजून टाकून दिलेली इंजिनं पुन्हा नीट चालताना मी पाहिली आहेत.

निळा धूर येतो. रिंगा गेल्या का?

धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभ्या गाडीला सुरू करताना निळा भपकारा येऊन थांबत असेल, तर ऑइल व्हॉल्व्हच्या सीलमधून खाली झिरपलंय. उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर येत असेल तर व्हॉल्व्हच्या गाइड. ओढताना, लोडवर सतत येत असेल आणि ब्रीदरही जोरात फुंकत असेल, तर रिंगा आणि बोअर. सील बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता बदलता येतात आणि त्या एवढ्याशा कामाने ऑइलचा खप लक्षणीय उतरतो.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आणि नोझल बघा. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला असतोच. गरम झाल्यावरही टिकला आणि पाणी कमी होत असलं तर हेडच्या पॅकिंगवर संशय घ्या.

ब्रीदर मात्र कधीही बुजवू नका. ऑइल उडतं म्हणून त्यावर बोळा बांधणारे लोक असतात. आतला दाब मग सीलमधून वाट काढतो आणि क्रँकचं मागचं सील गेलं की ऑइल थेट क्लचवर. ब्रीदरला लांब पाइप जोडून तो एका डब्यात सोडा.

कोणतं ऑइल घालू? घट्ट घातलं तर बरं ना?

थोडं घट्ट, होय. जिथे 15डब्ल्यू-40 चालायचं तिथे झिजलेल्या इंजिनाला 20डब्ल्यू-50 ने गरम असतानाचा दाब सावरतो. त्याहून घट्ट घालण्याच्या मोहात पडू नका. थंड असताना घट्ट ऑइल वरच्या रॉकरपर्यंत पोहोचायला वेळ घेतं आणि इंजिनाची झीज ते सुरू करतानाच्या त्या काही क्षणांतच जास्त होते. जुन्या पेट्रोल इंजिनांत टॅपेट सपाट तळाचे असतात आणि कॅमवर घासत चालतात. त्यांना झिंक आणि फॉस्फरसचं प्रमाण चांगलं असलेलं ऑइल लागतं. नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं.

ऑइल खाणाऱ्या इंजिनाला महागडं ऑइल घालण्यात अर्थ नाही. साधं, योग्य ग्रेडचं घाला, पण वेळेवर बदला. इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, कारण ट्रक चालतच नाही. वहीत चालू राहिल्याचे तास आणि भरलेलं ऑइल लिहा. दोन-तीन महिन्यांत तुम्हाला तुमच्या इंजिनाचा खप पाठ होईल, आणि तो अचानक वाढला तर लगेच कळेल.

आत काळा गाळ साचलाय. फ्लशिंग ऑइल टाकून धुऊन काढू का?

नको. कित्येक वर्षांचा गाळ एकदम सुटला की तो खाली चेंबरमधल्या (ऑइल साठणाऱ्या तळाच्या भांड्यातल्या) जाळीवर जाऊन बसतो, पंपाला ऑइल मिळत नाही आणि चांगली चाललेली बेअरिंगं काही मिनिटांत जातात. चेंबर खोला, गाळ हाताने खरवडून काढा, जाळी धुवा, नवं पॅकिंग लावून बंद करा. चेंबर उघडलंच आहे तर तळाशी चमकणारे कण आहेत का ते चुंबक फिरवून बघा. चुंबकाला चिकटलेलं लोखंड आणि न चिकटलेले तांबूस-चंदेरी कण यांचा अर्थ वेगळा: दुसरे बेअरिंगच्या थरातून आलेले असतात.

दर आठवड्याला पाच मिनिटं लावून बंद करतो. पुरेसं आहे ना?

त्यापेक्षा न लावलेलं बरं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. थंड इंजिनात त्यातला काही भाग रिंगांवरून खाली उतरतो आणि ऑइलमध्ये मिसळतो. झिजलेल्या रिंगांतून तर जास्तच. इंजिन पूर्ण तापलं तर ही वाफ ब्रीदरवाटे निघून जाते. पाच मिनिटांत बंद केलं तर आतच राहते. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा सायीसारखा पिवळट थर तोच. लोक तो बघून पॅकिंग गेलं म्हणून घाबरतात, आणि बऱ्याचदा कारण एवढंच असतं.

महिन्यातून एकदा लावा, पण अर्धा-पाऊण तास, वाढवलेल्या आयडलवर, रेडिएटरचा खालचा होज पाइपही गरम लागेपर्यंत. शक्य असेल तर ट्रक पुढे-मागे हलवा म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइलही फिरेल. शेडमध्ये असाल तर दारं सताड उघडी ठेवा आणि सायलेन्सरचा पाइप बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन थंड राहील ना?

राहील, आणि तेच वाईट. थर्मोस्टॅट साधारण 80 अंशांच्या आसपास उघडतो, कारण इंजिन त्या तापमानाला चालावं अशीच त्याची मापं धरलेली असतात. सतत थंड चाललेल्या इंजिनात इंधन बोअरवरचं ऑइल धुऊन नेतं, वाफ साचते आणि झीज वाढते. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढणं म्हणजे ताप आलाय म्हणून थर्मामीटर फेकणं. गरम होण्याचं कारण बहुधा बुजलेल्या रेडिएटरमध्ये, सैल पट्ट्यात किंवा ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत साचलेल्या गंजात असतं. ब्लॉकचा ड्रेन कॉक काढल्यावर पाणी येत नसेल तर तारेने टोचून बघा. मागच्या सिलिंडरांजवळ घट्ट चिखल निघतो.

साधं नळाचं पाणी घालू नका. शुद्ध पाण्यात निम्मं कूलंट घाला. ओल्या लायनरच्या (ज्यात सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) डिझेल इंजिनात हे अधिकच गरजेचं आहे, कारण लायनरच्या कंपनाने पाण्यात बारीक बुडबुडे फुटतात आणि लायनरला बाहेरून भोकं पडत जातात. कूलंटमधली रसायनं ते रोखतात. गळती थांबवणाऱ्या पुड्यांपासून लांब राहा. त्या गळतीबरोबर रेडिएटरच्या नळ्याही बुजवतात.

टाकी उतरवली आहे. इंजिन चालवू कसं?

एका छोट्या, नीट झाकणाच्या टाकीवर चालवा, ती सायलेन्सरपासून लांब आणि पक्की बांधून. डिझेलला परतीचा पाइपही त्याच टाकीत सोडायचा हे विसरू नका. जुन्या टाकीतलं इंधन मात्र वापरू नका. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर हवेतलं पाणीही शोषतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात किंवा तडकतात. डिझेलच्या तळाशी पाणी साठलं की त्यात सूक्ष्मजीव वाढतात आणि काळा बुळबुळीत थर फिल्टर बुजवतो.

पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल बाहेर न गळता खाली ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन लावू नका. आधी पंप, मग ऑइल.

वर्षभर बंद असलेलं इंजिन पुन्हा लावताना काय करू?

घाई करू नका. प्लग किंवा नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका. आणखी ऑइल, आणखी दिवस. मोकळं फिरल्यावर प्लग काढलेलेच ठेवून सेल्फ मारा आणि ऑइलचा दाब गेजवर चढलेला बघा. सेल्फ एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये त्याला दोन मिनिटं थंड होऊ द्या. दाब आल्याशिवाय इंधन जोडायचं नाही. डिझेलने एअर धरली असेल तर आधी फिल्टरजवळची, मग पंपाजवळची हवा काढा.

थंडीत डिझेल लागत नाही. इथरचा स्प्रे मारला तर?

एकदा मारला की तो दर सकाळी लागतो, असं लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. इथर फार लवकर पेटतं, पिस्टन अजून वर येत असतानाच. त्या धक्क्याने झिजलेल्या रिंगा आणि त्यांच्यामधल्या कडा तुटतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तर इनटेकमध्येच स्फोट होऊ शकतो. बॅटरी पूर्ण चार्ज करा, जाड केबल लावा, अर्थिंग साफ करा, हीटर प्लग एकेक करून तपासा. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला सेल्फची गती मिळाली की ते बहुतेक वेळा लागतं.

चासीचं वेल्डिंग आणि सँडब्लास्टिंग इंजिन जागेवर ठेवूनच करणार आहे. चालेल?

वेल्डिंग चालेल, पण बॅटरीची केबल काढून आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावून. अर्थ लांब लावला तर प्रवाह बेअरिंगांतून वाट काढतो आणि त्यांवर बारीक चटके पडतात.

सँडब्लास्टिंगला मी नाही म्हणेन. सुरुवातीच्या काळात एका ट्रकवर मी इनटेकचं तोंड नुसत्या कापडाने बांधलं होतं. डिपस्टिकची नळी आणि ब्रीदर तसेच राहिले. पुढच्या दोन महिन्यांत त्या इंजिनाने जेवढं ऑइल खाल्लं तेवढं आधीच्या वर्षभरात खाल्लं नव्हतं, आणि उघडल्यावर बोअरवर उभ्या रेषा होत्या. करायचंच असेल तर इनटेक, सायलेन्सर, ब्रीदर, डिपस्टिक, फिलर आणि डायनामो, सगळं धातूच्या झाकणांनी आणि टेपने बंद करा, आणि पहिल्यांदा लावण्याआधी सगळं हवेने उडवून मगच उघडा. जुन्या क्लच प्लेट, ब्रेक लायनर आणि सायलेन्सरच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यांची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

रंग झाल्यावर अर्थिंगच्या जागा खरवडून उघड्या करा. चकचकीत रंगवलेल्या चासीवर सेल्फचा प्रवाह परत येऊ शकत नाही, मग तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून येतो आणि केबल लाल होते.

डिझेल इंजिन आपोआप पळत सुटतं म्हणतात, ते काय?

रिंगा खूप झिजल्या, किंवा ब्रीदर इनटेकला जोडलेला असून चेंबरमध्ये ऑइल जास्त भरलं, की इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून ओढू लागतं. स्टॉप केबल खेचून उपयोग होत नाही, कारण पंप बंद झाला तरी ऑइल चालूच असतं. वेग वाढत जातो आणि शेवटी इंजिन फुटतं. उपाय एकच: हवा तोडणे. इनटेकवर जाड सपाट फळी दाबून धरा. हात लावू नका, कापड लावू नका, ते आत ओढलं जातं. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक इनटेकमध्ये सोडला तरी चालतं. इंजिन पळायला लागल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो, म्हणून झिजलेलं डिझेल लावताना ती फळी रोज हाताशी ठेवा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल कधीही भरू नका.

सगळं बांधण्याऐवजी फक्त रिंगा आणि बेअरिंगं बदलली तर?

बेअरिंगं, होय. बऱ्याच इंजिनांत चेंबर खाली घेऊन रॉडचे शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) जागेवरच बदलता येतात. जुन्या शेलच्या पाठीवर माप छापलेलं असतं, 0.25 किंवा 0.50 असेल तर क्रँक आधी ग्राइंड झालाय, आणि तेच माप आणावं लागेल. प्लॅस्टिगेजची तार (दाबली की चपटी होणारा प्लॅस्टिकचा धागा) ठेवून फट मोजा. जर्नलला (क्रँकच्या ज्या भागावर बेअरिंग बसतं त्याला) नखाला लागणारे चरे असतील तर नवे शेल फार टिकणार नाहीत.

रिंगांबाबत मी सावध आहे. झिजलेल्या बोअरच्या वरच्या टोकाला न झिजलेली कड उरते. नवी वरची रिंग जुनीपेक्षा कोपऱ्यात तीक्ष्ण असते, ती त्या कडेवर आपटते आणि तुटते. कड काढून, हलकं होनिंग करून बसवल्या तर काही काळ निघतो. पण बोअर अंडाकृती झाला असेल तर गोल रिंग त्यात बसणार कशी? बदलता येणाऱ्या लायनरचं इंजिन असेल तर लायनर, पिस्टन आणि रिंगांचा पूर्ण संच घालणंच शहाणपणाचं, आणि तेही ट्रक रस्त्यावर यायच्या बेतात असताना.

शेवटी इंजिन उतरवायची वेळ आली. त्याआधी काही करायचं राहतं का?

उतरवण्याच्या आदल्या दिवशी ते पूर्ण तापवा आणि गरम असतानाच दाब, कॉम्प्रेशन आणि आवाज एकदा शेवटचे नोंदवून ठेवा. ऑइल गरम असतानाच सोडा, गाळ त्याबरोबर निघतो. पाणी सोडताना कोणत्या रंगाचं आलं ते लिहा. मग टायमिंगच्या खुणा, पंपाची जागा, प्रत्येक पाइपचा मार्ग यांचे फोटो घ्या. मशीनशॉपमध्ये ही वही इंजिनाबरोबर द्या. तिसऱ्या सिलिंडरला कॉम्प्रेशन कमी होतं हे आधीच माहीत असलेला माणूस तिसऱ्या बोअरकडे दुप्पट लक्षाने बघतो.